तरंगत्या गोदीचं चालतं मॉडेल : रॉटरडॅमची युक्ती, घरच्या टबात

दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यात ओहोटीला होड्या चिखलात टेकतात, तेव्हा तळ खरवडून रंग लावून घेता येतो. मोठ्या जहाजाला हे जमत नाही, त्याला सुकी गोदी लागते, म्हणजे जहाज आत घेऊन पाणी काढून टाकायची जागा. मुंबईत वाडियांनी 1750 च्या सुमारास दगडी गोदी बांधली. इथे भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे गोदीतलं बरंचसं पाणी ओहोटीच बाहेर काढून द्यायची. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला पाण्याची चढउतार जेमतेम दोन मीटर, जमीन मऊ चिकणमाती आणि पीटची (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची), आणि थोडं खणलं की पाणी. तिथे मोठा खड्डा खणून कोरडा ठेवणं महागात पडतं. म्हणून पाण्यावर तरंगणारी गोदी सोयीची : टाक्यांत पाणी भरून ती बुडवायची, जहाज आत घ्यायचं, मग पाणी काढून जहाजासकट वर आणायची. 1872 मध्ये न्यूवे वॉटरवेख हा समुद्राकडे जाणारा कालवा खुला झाला, पुढे मोठी जहाजं थेट शहरापर्यंत येऊ लागली. 1902 मध्ये हाइप्लाटला रॉटरडॅमशे ड्रोगडोक मात्सखापाय ही कंपनी उभी राहिली, तिच्या नावातच सुकी गोदी आहे. शाळेच्या प्रदर्शनातल्या तक्त्यावर इतका इतिहास पुरे. परीक्षक बघतात ते मॉडेल बुडतं कसं आणि वर येतं कसं.

सनबोर्ड घेऊ नका. शाळेच्या प्रदर्शनातली अशी बहुतेक मॉडेल्स तिथेच फसतात. सनबोर्ड पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे टाक्या पूर्ण भरल्या तरी गोदी खाली जातच नाही, आणि मग वर दगड ठेवण्याची वेळ येते. 3 मिमी अ‍ॅक्रिलिक घ्या. ठाणे-वाशीत लेझर कटिंगवाले मापाने कापून देतात. चिकटवण्याचं द्रावण पाण्यासारखं पातळ असतं आणि त्याची वाफ वाईट, तेव्हा ते काम मोठ्यांनी खिडक्या उघड्या ठेवून करावं.

मापं बाहेरची : खालची पेटी 40 सेंमी लांब, 24 रुंद, 5 उंच. दोन्ही बाजूंना 40 सेंमी लांब, 4 रुंद, 12 उंच भिंती. दोन्ही टोकं उघडी. भिंतींखाली पेटीला झाकण नाही, पेटीतलं पाणी भिंतीत 5 सेंमीपर्यंत चढतं. तिथे एक आडवी पट्टी पक्की चिकटवा आणि तिच्या वरचा भाग कायम कोरडा, हवाबंद ठेवा. हा कप्पा गळला तर गोदी तळाला जाते. पेटीच्या आत एक उभा पडदा लांबीच्या दिशेने मधोमध आणि एक रुंदीच्या दिशेने मधोमध, म्हणजे चार स्वतंत्र टाक्या होतात. रुंदीचा पडदा भिंतीतही आडव्या पट्टीपर्यंत न्या. सगळ्या सांध्यांवर आतून सिलिकॉन लावून चोवीस तास सुकवा.

प्रत्येक टाकीच्या तळाला 5 मिमी भोक पाडा. टाकीच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून, म्हणजे त्या आडव्या पट्टीतून, मत्स्यालयाची हवेची नळी वर काढा आणि तिला छोटा कॉक लावा. कॉक उघडला की हवा बाहेर, पाणी आत. वर आणायला 60 मिलीच्या सिरिंजने हवा भरायची. खऱ्या गोदीत पाणी पंपाने उपसतात, हे तक्त्यावर लिहा, नाहीतर हवेने उचलतात असा समज होतो.

हिशोब असा. गोदीचं वजन सुमारे 1.9 किलो. रिकामी असताना ती 2 सेंमी बुडते. टाक्यांत मिळून साधारण 5.3 लिटर पाणी मावतं. पूर्ण भरल्यावर गोदीचा मजला, म्हणजे पेटीचा वरचा पृष्ठभाग, सुमारे साडेसात सेंमी खाली जातो आणि भिंती साडेचार सेंमी वर राहतात. जहाज 1 किलोचं, 30 सेंमी लांब, 10 रुंद ठेवा, ते 4 सेंमी बुडेल. त्याखाली 1 सेंमी उंच लाकडी ठोकळ्यांची रांग, मधल्या रेषेवर, दर 4 सेंमीवर एक. तरी साधारण अडीच सेंमी मोकळीक उरते. टबात किमान 18 सेंमी पाणी हवं.

आता खरी मेख. जहाज ठोकळ्यांवर बसलेलं आणि मजला पाण्याच्या रेषेला आलेला, हा क्षण सर्वांत नाजूक. पाण्याच्या रेषेवर गोदीचा आधार तेव्हा फक्त दोन अरुंद भिंती. टाकीत अर्धवट पाणी असतं, आणि गोदी जराशी कलली की ते खालच्या बाजूला धावतं, कल आणखी वाढवतं. लांबीच्या दिशेचा मधला पडदा नसेल तर आपल्या मापांत ही गोदी उलटते. पडदा घातला की धावत्या पाण्याचा हा दुष्परिणाम चौथ्या हिश्श्यावर येतो, निम्म्यावर नव्हे, कारण तो रुंदीच्या घनावर अवलंबून असतो आणि अशा दोन अर्ध्या टाक्या उरतात. परीक्षकांना पटवायला दोन सारखे उथळ ट्रे ठेवा, एकात मधोमध पट्टी. दोन्हींत 1 सेंमी पाणी घालून हातात कलवा, फरक लगेच कळतो.

उचलताना चारही टाक्यांना आळीपाळीने एकेक सिरिंज द्या, प्रत्येक वेळी कॉक बंद करून. एका टाकीला साधारण बावीस सिरिंजा लागतात. एकाच बाजूला चार-पाच सलग मारल्या तर गोदी स्पष्ट कलते आणि जहाज ठोकळ्यांवरून सरकतं. जहाज ठोकळ्यांना टेकलं की थांबा, ते मधल्या रेषेवर आहे का ते बघा, मगच पुढे चला. चारही कोपऱ्यांवर सेंमीच्या खुणा वॉटरप्रूफ मार्करने करा. नुसत्या नजरेवर विसंबू नका.

बुडवताना एक बाजू वरच अडली तर मजल्याखाली हवेचा फुगा अडकला आहे. समोरची बाजू बोटाने किंचित दाबून अडलेल्या बाजूची भिंत थोडी वर येऊ द्या, हवा भिंतीकडे चढून नळीतून निघून जाईल. सगळ्या टाक्या भरूनही गोदी हळूहळू आणखी खाली जात असेल तर कोरड्या कप्प्यात पाणी शिरतंय, तेव्हा प्रयोग थांबवा आणि सांधा शोधा. साबणाचा फेस लावून हवा भरली की बुडबुडा गळती दाखवतो.

प्रदर्शन संपल्यावर गोदी भरलेली असताना टबातून उचलू नका. पाच किलो पाणी मजल्याला आतून रेटतं आणि मधल्या पडद्याचा सांधा उकलतो. आधी हवा भरून टाक्या रिकाम्या करा, मग दोन्ही हातांनी पेटीच्या तळाला धरून उचला, भिंतींना धरून नाही.