जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदी शोधताय? या चुका टाळा

आजोबा मुंबई विद्यापीठाचे बी.ए., म्हणजे त्यांचं सगळं दप्तर फोर्टात राजाबाई टॉवरपाशी सापडणार, असं धरून लोक निघतात. पहिली चूक इथेच होते. १८५७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ पहिली कित्येक दशकं फक्त परीक्षा घेत होतं आणि पदव्या देत होतं. शिकवायची कॉलेजं. त्यामुळे विद्यापीठाच्या छापील कॅलेंडरात, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तकात, नाव, कॉलेज, परीक्षा, वर्ष आणि मिळालेला वर्ग (पहिला, दुसरा) एवढंच मिळतं. पत्ता, जात, वडिलांचा व्यवसाय, फीमाफी हे हवं असेल तर कॉलेजचं प्रवेश रजिस्टर आणि त्याआधी शाळेचं जनरल रजिस्टर गाठावं लागतं. स्कॉलरशिपचे अर्ज, तक्रारी असला मजकूर तर सरकारी शिक्षण खात्याच्या दप्तरात, म्हणजे काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जुनी सरकारी कागदपत्रं ठेवणारं पुराभिलेखागार आहे, तिथे शोधावा.

यादीत नाव नाही म्हणजे माणूस शिकलाच नाही, हा निष्कर्षही घाईचा. कॅलेंडरात उत्तीर्णांचीच नावं असतात. मॅट्रिकला दोनदा आपटलेला तिथे दिसणार नाही. शिवाय पदवी कुणाची, हे आधी पाहा. डॉ. भाऊ दाजी लाड १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडले, तेव्हा विद्यापीठ जन्मालाच यायचं होतं. ‘एल.एम.ई.’ ही यंत्र अभियांत्रिकीची पदविका मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेची स्वतःची. पणजी ‘जी.ए.’ म्हणजे गृहीतागमा असेल, तर ती पदवी १९१६ साली निघालेल्या महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची. आणि घरचे ज्यांना ‘एम.बी.बी.एस.’ म्हणतात ते जुने डॉक्टर कागदावर बहुतेकदा ‘एल.एम. अँड एस.’ या जुन्या वैद्यकीय पदवीचे निघतात.

उलटही घडतं. पुणे, अहमदाबाद, धारवाड, कराची इथली कॉलेजं एकेकाळी याच विद्यापीठाला जोडलेली होती. तेव्हा मुंबईची पदवी आहे म्हणून माणसाला गिरगावातल्या चाळीत राहायला पाठवू नका.

खरा घाम फुटतो तो नावांपाशी. रजिस्टर इंग्रजीत, स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर. ‘वागळे’ डब्ल्यूत नसतील तर व्हीत पाहा. ‘वासुदेव’मधला ‘देव’ कुठे डी-ई-ओ, कुठे डी-ई-व्ही. सख्ख्या भावांपैकी एक कुलकर्णी राहिला आणि दुसऱ्याने गावावरून ‘कर’ लावून घेतलं, असंही सर्रास आढळतं. बायकांचं माहेरचं नाव माहीत नसेल तर शोध तिथेच अडतो. म्हणून नुसत्या आडनावावर जाऊ नका. वडिलांचं नाव, कॉलेज आणि साल तिन्ही जुळू द्या. स्कॅन केलेल्या कॅलेंडरात शब्दशोधावरही विसंबू नका. स्तंभांत छापलेली नावं यंत्राला नीट वाचता येत नाहीत. पानं उलटणं सुटत नाही. साल धरतानाही मागचापुढचा खंड चाळा, कारण परीक्षा एका वर्षी आणि पदवीदान पुढच्या वर्षी, असं होतं.

जन्मतारीख १ जून दिसली की जरा थांबा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरात तारखेचा पत्ता नसायचा, मग मास्तर ती ठोकून देत. वयावर काही सिद्ध करायचं असेल तर दुसरा पुरावा हवाच.

रजिस्टर पाहण्यासाठीच्या अर्जात ‘संशोधनासाठी जुने रेकॉर्ड पाहावयाचे आहे’ एवढंच लिहिलंत तर तो टेबलावर पडून राहील, आणि त्यात कारकुनाचा दोष नाही. पूर्ण नाव इंग्रजी स्पेलिंगच्या पर्यायांसह, कॉलेज, परीक्षा आणि तीन-चार वर्षांचा टप्पा लिहा; सोबत संशोधन-मार्गदर्शकांचं पत्र आणि ओळखपत्र जोडा. माहितीच्या अधिकाराचा धाक दाखवू नका. त्या कायद्यातही दुसऱ्याची वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद आहे, आणि हयात माणसाच्या गुणपत्रिकेबाबत ती रास्तच वाटते.

फोटो काढायची परवानगी मिळाली तर पहिला फोटो रजिस्टरच्या मुखपृष्ठाचा, दुसरा स्तंभांच्या मथळ्यांचा, मग हव्या त्या ओळीचा घ्या. मथळ्याशिवाय ‘१७’ हे वय, अनुक्रमांक की फी, ते घरी गेल्यावर कळत नाही.