थंडीच्या रात्रीचं भारदस्त संगीत रेडिओवर कसं लावावं

सोलापुरात थंडी म्हणावी अशी डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास. तेवढ्या आठवड्यांसाठी रात्री अकरा ते एक असा कार्यक्रम बसवायचा तर आधी ऐकणारा ठरवा. रात्रीच्या लाइटीवर पाणी देणारा शेतकरी, वॉचमन, झोप न येणारे म्हातारे हे आपले श्रोते. मागाच्या खडखडाटात संथ संगीत पोचतच नाही, म्हणून रात्रपाळीच्या विणकरासाठी आवाज चढवत बसू नये. त्याला दुसरा कार्यक्रम द्यावा.

दोन तासांना आठ ते दहा तुकडे पुरतात. निवेदन सगळं मिळून सहा मिनिटांच्या वर नको. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही घरांत रेडिओ लागतो, आणि कमी बोलणं तिघांनाही चालतं.

सुरुवात मध्यम चालीच्या तुकड्याने करा. पूर्ण वाद्यवृंद आणि समूहस्वर असलेली मोठी रचना साधारण पस्तिसाव्या मिनिटाला, दुसरी पंचाऐंशीच्या सुमाराला. दोन मोठ्या रचना पाठोपाठ लावल्या की दुसरी फिकी पडते, म्हणून मध्ये एकटं वाद्य हवं: सुरबहारचा आलाप किंवा बासरी. रागांची वेळ पाळा. बाराच्या आधी बागेश्री किंवा बिहाग, मध्यरात्री दरबारी, त्यानंतर मालकंस.

जोडताना एक चूक हमखास होते. दोन ध्वनिमुद्रणांतले तानपुरे वेगवेगळ्या ‘सा’चे असतात आणि फेड करताना ते एकमेकांवर चढले की कानाला बोचतं. पहिला पूर्ण विझू द्या, चार-पाच सेकंद थांबा, मग दुसरा उघडा.

खरी कसोटी आवाजाच्या चढउताराची. स्टेशनचा प्रोसेसर हळू आवाज वर ओढतो आणि मोठा दाबतो. दिवसा गाण्यांना ते चालतं, रात्री या संगीताचा जीव जातो. फ्रेंच संगीतकार राव्हेलचं 1928 सालचं ‘बोलेरो’ घ्या. ताशासारख्या छोट्या ड्रमवर अगदी हळू सुरू होऊन साधारण पंधरा मिनिटं ते चढत राहतं. प्रोसेसरने सुरुवातच शेवटाएवढी केली तर चढायला उरतं काय? इंजिनिअरकडून रात्रीसाठी सौम्य सेटिंग वेगळं करून घ्या. तेही पुरलं नाही तर हळू भाग प्रोसेसरने ओढायच्या आधीच एडिटिंगमध्ये चार ते सहा डेसिबल हाताने उचला आणि पुढच्या तीस-चाळीस सेकंदांत सावकाश मूळ पातळीवर आणा. कळता कामा नये. सगळे तुकडे मीटरवर सारखे करण्याचा मोह टाळा, नाहीतर एकटी बासरी वाद्यवृंदाएवढी मोठी वाजते. ती कानाने चार-पाच डेसिबल खालीच ठेवावी.

शांतता पकडणाऱ्या यंत्राचं काय? इंग्रज संगीतकार होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’च्या शेवटी पडद्याआडचा स्त्रियांचा समूहस्वर विरत विरत नाहीसा होतो. यंत्राची मर्यादा दहा सेकंदांवर असेल तर त्याला वाटतं स्टेशन बंद पडलं, आणि नेमकी तिथे ठणठणीत जिंगल सुरू होते. त्या दोन तासांपुरती मर्यादा तीस सेकंदांवर न्या. सकाळी परत आणायला विसरू नका, नाहीतर खरा बिघाड उशिरा कळेल.

स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर सगळंच छान लागतं. प्रत्येक तुकडा हातातल्या छोट्या रेडिओवर, हळू आवाजात, बाहेर अंगणात ऐकून पाहा. ढोलांची खालची घुमर तिथे ऐकूच येत नाही. नुसत्या तिच्यावर उभी असलेली रचना पोकळ वाटते. मग मोनो करून, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐका. पसरट सिंथचे (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे) काही सूर मोनोत एकमेकांना खाऊन टाकतात. असा तुकडा सरळ वगळा. वातावरणासाठी शेकोटीचा तडतडाट किंवा पाऊस मिसळण्याची हौसही आवरा. रेडिओवर ते खरखरीसारखं लागतं आणि माणूस रजईतून हात काढून एरियल फिरवत बसतो.

हक्कांचं: संगीतकाराला जाऊन साठ वर्षं झाली आणि रचनेचा हक्क संपला, तरी नव्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. स्टेशनच्या परवान्यात ते बसतं का, हे आधीच विचारून घ्या.

शेवट मागून मोजा. निरोपाला चाळीस सेकंद ठेवायचे आणि शेवटचा तुकडा चौदा मिनिटं वीस सेकंदांचा असेल, तर तो बरोबर बारा पंचेचाळीसला सुरू झाला पाहिजे. उशीर झालाच, तर आधीच्या तुकड्याऐवजी निवेदन कापा.