फुफ्फुसाच्या कर्करोगावरील टार्गेटेड औषधे : लिहून देताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक गोळी सुरू करण्याआधीच होते. रुग्ण स्त्री आहे, तिने कधी धूम्रपान केलेले नाही, बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) आला आहे, म्हणजे गाठीतील ईजीएफआर या जनुकात उत्परिवर्तन असणारच, असे गृहीत धरून अहवाल हाती नसताना जेफिटिनिब ही त्या उत्परिवर्तनावर काम करणारी टार्गेटेड गोळी लिहून दिली जाते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ चाचणीतले रुग्ण बहुतांशी याच वर्णनात बसणारे होते. उत्परिवर्तन असलेल्यांना गोळीचा केमोथेरपीपेक्षा स्पष्ट फायदा झाला. ते नसलेल्यांचा आजार मात्र गोळीवर साधारण दीड महिन्यात, तर केमोथेरपीवर साडेपाच महिन्यांनी वाढला. अंदाज चुकला तर रुग्णाच्या वाट्याला काय येते, ते या आकड्यांत आहे.

अहवाल येईपर्यंत धाप वाढत असेल तर केमोथेरपी सुरू करावी, पण तिच्यासोबत इम्युनोथेरपी देण्याची घाई करू नये, कारण इम्युनोथेरपीनंतर लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरील दुसरी गोळी दिल्यास गंभीर न्यूमोनायटिसचा (फुफ्फुसाला येणाऱ्या सुजेचा) धोका वाढतो. केवळ ईजीएफआर तपासून थांबू नये. एएलके आणि आरओएस१ या जनुकांचीही तपासणी हवीच. सुईने काढलेला तुकडा इवलासा असतो, तेव्हा तो अनावश्यक मार्करच्या (पेशींचा प्रकार ओळखण्याच्या) चाचण्यांमध्ये संपवू नये, असे पॅथॉलॉजिस्टना मागणीपत्रातच लिहून कळवावे. रक्तावरील चाचणी निगेटिव्ह आली, एवढ्यावरून उत्परिवर्तन नाही असे ठरत नाही.

आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा एकेटीचा, म्हणजे क्षयावरील औषधोपचाराचा आहे. एक्स-रेवरील सावली क्षयाची समजून कित्येकांना आधीच रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध सुरू झालेले असते, आणि कर्करोगाचे निदान झाल्यावरही ते कोणी थांबवत नाही. रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चेतवते, त्यामुळे रक्तातील ओसिमर्टिनिबचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक घटते, जेफिटिनिबचेही तसेच. मग गोळी नियमित घेऊनही गाठ वाढते आणि तो औषधाला आलेला प्रतिरोध समजला जातो. म्हणून पहिल्याच भेटीत रुग्णाची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करून प्रत्येक पट्टी वाचावी. क्षय सिद्ध झालेला नसेल तर एकेटीचा फेरविचार करावा. सिद्ध असेल तर रिफाम्पिसिनला पर्याय क्षयरोगतज्ज्ञांसोबत ठरवावा. त्याच पिशवीत पॅन्टोप्राझोल हे ॲसिडिटीचे औषध सापडले तर तेही विचारात घ्यावे, कारण आम्लता घटल्याने जेफिटिनिब आणि ईजीएफआरवरीलच एर्लोटिनिब नीट शोषले जात नाहीत. एर्लोटिनिब उपाशीपोटी घ्यायचे असते, एएलकेवरील अलेक्टिनिब जेवणासोबत.

चेहऱ्यावर आणि छातीवर पुरळ उठले की ॲलर्जी समजून गोळी कायमची बंद करणे ही चूक आहे. बहुतेकदा डॉक्सिसायक्लिन आणि मलमाने भागते. याउलट नवा कोरडा खोकला किंवा अचानक वाढलेली धाप दिसली तर गोळी त्याच दिवशी थांबवून छातीचा सीटी स्कॅन करावा.

आजार पुन्हा वाढला तर शक्य तेथे नव्याने बायोप्सी घ्यावी, कारण काही रुग्णांत मूळ गाठीचे रूपांतर स्मॉल सेल कर्करोगात झालेले असते, आणि त्यावर एक टार्गेटेड गोळी बदलून दुसरी देण्याचा उपयोग होत नाही.