स्वतःची प्रॅक्टिस आणि तान्हं बाळ: दिवसाचं नको, महिन्याचं गणित मांडा

पगारी नोकरी असलेल्या बाईच्या मागे निदान कायदा तरी उभा असतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा दूध पाजायला सुट्टी आहे, आणि 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवंच. तुम्ही नोकरीत असाल तर हे सगळं हक्कानं मागून घ्या. पण वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट किंवा माझ्यासारखी सीए, जी कुणी स्वतःची पाटी लावून बसलीय, तिनं रजेचा अर्ज द्यायचा कुणाकडे? मी हे त्या बायकांसाठी लिहितेय.

आमचं घर बेळगावात शहापूरला, ऑफिस टिळकवाडीत. हाताखाली आर्टिकलची, म्हणजे सीए व्हायला काम शिकणारी, दोन मुलं आणि एक अकाउंटंट. गिऱ्हाइकं म्हणजे वडगाव-खासबागचे कापड विणणारे मागवाले, गणपत गल्लीतले कापडवाले, निपाणीचे दोघे तंबाखू व्यापारी. लेक झाली 13 एप्रिल 2023 ला. जो तो मला दिवसाचं वेळापत्रक सांगायचा: पहाटे उठ, ती झोपली की काम कर, दुपारी तूही झोप. मी तसा कागद तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. तान्ह्या बाळाचा आजचा दिवस कालच्यासारखा नसतो.

त्या नादात मे महिन्यात चूक झाली. एका मागवाल्याचं 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं कर भरायचं रिटर्न, 20 तारखेला भरायचं होतं. ती झोपली की भरते, असं म्हणत राहिले. ती दोन रात्री झोपलीच नाही. रिटर्न 22 ला गेलं. दिवसाला 50 रुपये लेट फी आणि वर व्याज. रक्कम किरकोळ, मी माझ्या खिशातून भरली. पण त्या माणसानं दहा वर्षं एकही तारीख चुकवली नव्हती, आणि ती माझ्यामुळं चुकली, हे मला फार लागलं.

तेव्हा लक्षात आलं की बाळाचा दिवस ठरलेला नसला तरी महिना बऱ्यापैकी ठरलेला असतो, आणि माझ्या कामाचा तर असतोच. 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं रिटर्न, 20 ला 3बी. त्या वर्षी 31 जुलैला इन्कम टॅक्सचे साधे रिटर्न, 30 सप्टेंबरला टॅक्स ऑडिट, 31 ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांचे रिटर्न. लेकीच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, सहा महिन्यांना उष्टावण, नवव्या महिन्याला गोवरची लस. हे सगळं एकाच कालनिर्णयवर लिहा, काम निळ्यानं आणि बाळ लाल पेननं. कुठं लाल-निळं एका चौकोनात येतंय ते आधी बघा. माझ्याकडे चौदाव्या आठवड्याची लस नेमकी 20 जुलैला येत होती. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तारखेच्या आधी द्यायची नाही, दोन दिवस उशीर चालतो. मग 22 ला, शनिवारी दिली. लसीनंतरची रात्र तापाची आणि कडेवरची धरूनच चाला, दुसऱ्या दिवशी काही ठेवू नका.

वकील असाल तर निळ्या पेननं कोर्टाच्या तारखा येतील, डॉक्टर असाल तर ड्युट्या. रीत तीच. आणि निळी तारीख खरी धरायची नाही, चार दिवस अलीकडं आणायची. त्या मे नंतर माझ्या ऑफिसात 3बी ची तारीख 16 आहे.

गिऱ्हाइकांना लपवून काही साधत नाही. मी फेब्रुवारीतच सगळ्यांना मराठीत मेसेज पाठवला होता: एप्रिलमध्ये बाळंतपण आहे, मे अखेरपर्यंत फोन अकाउंटंट घेईल, ऑडिटची वह्या-बिलं यंदा 15 ऑगस्टला हवीत. भीती होती की चार जण तरी सोडून जातील. एक जण गेला. शहापूरचे एक म्हातारे साडीवाले मात्र ऑफिसात येऊन म्हणाले, "पोरी, तू बाळंतपण आटप आधी. बिलं मी देतो की वेळेत, का काळजी करतीस?" आणि 12 ऑगस्टला गठ्ठा आणून ठेवला. नवी तीन ऑडिटं मी त्या वर्षी नाकारली. उत्पन्न कमी झालं, आणि ते होणारच. गरोदरपणातच सहा महिन्यांचा घरखर्च आणि ऑफिसचं भाडं-पगार बाजूला काढून ठेवा, म्हणजे नाही म्हणायची ताकद येते.

आता दुधाचं. ऑफिसला परत गेले 10 जुलैला, रोज चार तास. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वर पाणी नाही, गुटी नाही. मध तर वर्षभर चाटवायचाच नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सासूबाईंना हे मी नाही, डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांनी मानलं. असल्या गोष्टी सुनेनं सांगू नयेत, डॉक्टरांच्या तोंडून जाऊ द्याव्यात.

दूध काढायला फायलींच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या गारव्यात चार तास टिकतं. आपल्याकडं पावसाळ्यात ते जमतं, उन्हाळ्यात त्यावर विसंबू नका. फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आत ठेवलं तर चार दिवस. स्टीलच्या छोट्या डब्या उकळून घ्यायच्या, वर पट्टी लावून तारीख आणि वेळ लिहायची, जुनी आधी वापरायची. गरम करायचं ते कोमट पाण्यात डबी ठेवून, गॅसवर नाही. पाजून उरलेलं दोन तासांत संपलं नाही तर टाकायचं. ओतून देताना जीव तुटतो, तरी ठेवायचं नाही.

बाटली आम्ही आणलीच नाही, ती नीट धुतली जाईल याचा भरवसा नव्हता. आजेसासूबाईंच्या ट्रंकेतून चांदीचं बोंडलं, म्हणजे दूध पाजायची चोचीची वाटी, निघालं. लेकीला सांभाळायला वडगावच्या मावशी येतात. ऑफिसला जायच्या आधी आठ दिवस मी त्यांना शेजारी बसवून शिकवलं. बाळाला आडवं पाजायचं नाही, मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर नुसती टेकवायची आणि थांबायचं. ओतायचं नाही. ती जीभ पुढं काढते, चोच चाटते, घोट गिळते, मग पुढचा थेंब. पहिल्या दिवशी अर्धं दूध झबल्यावर सांडलं आणि मावशी घाबरल्या. पाचव्या दिवशी त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं, "तू दिसलीस की ती पीत नाही बघ." मी दाराआड उभी राहून गिळण्याचा आवाज ऐकला. त्या दिवशी माझी धडधड थांबली. हे आठ दिवस वाचवू नका. पहिल्याच दिवशी बाळ मावशींच्या हातात देऊन निघाल तर ऑफिसात बसून काम होणार नाही.

मावशींचा पगार सुट्टीसकट ठरवा, पगारी सुट्ट्या द्या, आणि त्या आजारी पडल्या तर दुसरं कोण हे आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडं ती पाळी माझ्या आईवर आहे. ती येळ्ळूरहून येते.

नवऱ्याला "मदत कर" असं कधीच म्हणू नका. मदत मागितली की काय करायचं हे लक्षात ठेवणं आपल्याच डोक्यावर राहतं. आख्खं काम द्या. आमच्यात लसीकरण पूर्ण त्याचं: तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, त्याच्याकडं, तारीख त्यानं बघायची, दवाखान्यात त्यानंच न्यायचं. कार्ड कन्नडमध्ये असतं, तो माझ्यापेक्षा भराभर वाचतो, हेही एक कारण. तो उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, पहिली पाळी. चारला येतो, आंघोळ करून कपडे बदलतो, कारण अंगावर वाळूची धूळ असते, आणि मगच तिला घेतो. चार ते सात ती त्याची. मी त्या वेळात घरात असले तरी मध्ये पडत नाही. लंगोट उलटा बांधला तरी बोलत नाही.

खरी परीक्षा सप्टेंबरची. त्या वर्षी गणपती बसले 19 ला, विसर्जन 28 ला, आणि 30 ला ऑडिटची शेवटची तारीख. लेक पाच महिन्यांची. ऑडिट रिपोर्ट आपण पोर्टलवर चढवला तरी गिऱ्हाइकानं तो तिथं मंजूर केल्याशिवाय काम पुरं होत नाही, आणि बेळगावात गणपतीत मंडळ सोडून कुणाला लॉगिन करायला लावणं अवघड. म्हणून सगळे रिपोर्ट 18 पर्यंत चढवले आणि मंजुरीसाठी 25 तारीख दिली. 27 ला लेक आणि लॅपटॉप घेऊन येळ्ळूरला गेले, मिरवणुकीच्या ढोल-डॉल्बीपासून लांब. 30 ला दोनच रिपोर्ट मंजुरीचे उरले होते, ते माहेरच्या माडीवरून पुरे करून घेतले.

एक गोष्ट मात्र तारखेत बसत नाही. बाळंतपणानंतर रडू येतं, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढंही झोप उडाली असेल, बाळाकडं बघावंसं वाटत नसेल, तर कामाचा ताण आहे म्हणून दडपू नका. डॉक्टरांना सांगा. टेली मानसच्या 14416 वर रात्री-अपरात्रीही फोन लागतो.

आणि कालनिर्णयवर एक चौकोन मोकळा ठेवा. माझा 21 तारखेचा आहे. 3बी होऊन गेलेलं असतं, 11 अजून लांब असते. त्या दिवशी ऑफिस अकाउंटंट उघडतो आणि मावशींना भरपगारी सुट्टी असते. सकाळी लेकीला तेल लावून मी स्वतः न्हाऊ घालते. दुपारी ती माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपते, आणि हात अवघडला तरी मी तो हलवत नाही.