'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि वाया गेलेले दोन तास

पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळण्याचे काम माझ्याकडे नुकतेच आले होते, तेव्हा एका सकाळी अॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये 'कनेक्शन रिफ्यूज्ड' अशा ओळींची रांग लागली आणि मी पहिले दोन तास पासवर्ड बदलून पाहण्यात घालवले. पासवर्ड चुकला असता, तर तसे सांगणारा निराळाच संदेश खुद्द डेटाबेसकडून आला असता. रिफ्यूज्ड याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की, पॅकेट, म्हणजे जोडणीची विनंती, सर्व्हरपर्यंत पोहोचले. पण त्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारे कोणीच नाही. फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असेल, तर असा तत्काळ नकार न येता बराच वेळ ताटकळून टाइमआउट येतो.

सर्व्हरवर सर्व्हिसची स्थिती पाहिली, तर हिरव्या अक्षरांत 'अॅक्टिव्ह' दिसले आणि मी निश्चिंत झाले. शेजारी कंसात 'एक्झिटेड' लिहिले होते, तिकडे लक्षच गेले नाही. उबुंटूवर 'पोस्टग्रेसक्यूएल' नावाची ती सर्व्हिस नावापुरती असते. खरी स्थिती 'पीजी_एलएसक्लस्टर्स' या कमांडने कळली: जुन्या आवृत्तीचे क्लस्टर (पोस्टग्रेसचा स्वतंत्र चालणारा डेटासंच) ५४३२ पोर्टवर 'डाउन', तर नव्याचे ५४३३ वर 'ऑनलाइन'. आदल्या रात्री सहकाऱ्याने डंप (फाइलमध्ये काढलेली प्रत) घेऊन डेटा नव्या आवृत्तीत हलवला होता आणि जुने क्लस्टर बंद केले होते. ५४३२ हे पोर्ट आधीच जुन्याच्या नावावर असल्यामुळे इन्स्टॉल होताना नव्याला पुढचे मिळाले होते.

नव्या क्लस्टरला ५४३२ देऊन ते रीस्टार्ट केले. सर्व्हरवरून जोडणी झाली, दुसऱ्या यंत्रावरच्या अॅप्लिकेशनला मात्र नकार कायम राहिला. कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकले जात आहे हे दाखवणारी 'एसएस -एलटीएन' ही कमांड चालवल्यावर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता दिसला, म्हणजे डेटाबेस फक्त त्याच यंत्रावरून येणाऱ्यांचे ऐकत होता. 'लिसन_अॅड्रेसेस' या सेटिंगचे मूळ मूल्य 'लोकलहोस्ट' असते. ते बदलल्यावर नुसते रीलोड (सर्व्हर न थांबवता सेटिंग पुन्हा वाचायला लावणे) पुरत नाही, पुन्हा रीस्टार्टच करावे लागते.

त्यानंतर संदेश बदलला: 'पीजी_एचबीए.कॉन्फ'मध्ये या पत्त्यासाठी नोंद नाही. चूक तशीच दिसत असली, तरी मला हायसे वाटले, कारण आता प्रत्यक्ष पोस्टग्रेस उत्तर देत होते. कोणाला कुठून जोडणी करता येईल हे ठरवणाऱ्या या फाइलला रीलोड पुरते. तिथे अॅप्लिकेशन सर्व्हरचा तेवढाच पत्ता लिहावा. मी घाईत सगळ्यांनाच दार उघडणारी ओळ घातली होती आणि ती संध्याकाळी आठवणीने काढावी लागली.