रोमन अवशेष पाहायला जाताना पुस्तक आणि नकाशा कसा निवडावा

रोमन अवशेषांवरची मार्गदर्शक पुस्तके ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात हॉटेले, तिकिटे आणि जेवणाखाण्याच्या माहितीत अवशेषांना दोन-चार पाने मिळतात. दुसऱ्या प्रकारात आजच्या भग्न वास्तूच्या छायाचित्रावर पारदर्शक पान ठेवले की मूळ इमारत पुन्हा उभी राहते. तिसरा प्रकार पुरातत्त्वीय मार्गदर्शकाचा. त्यात प्रत्येक वास्तूचा तलविन्यास (वरून पाहिल्यासारखा जमिनीचा आराखडा), तिचे बांधकामाचे टप्पे आणि आज जागेवर नेमके काय उरले आहे, हे क्रमाने दिलेले असते. जागेवर नेण्याजोगा हा तिसरा प्रकारच आहे. पारदर्शक पानांचे पुस्तक सगळेच सुचवतात, पण तोच एकमेव आधार म्हणून नेण्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही, कारण ते एका काळाचे देखणे कल्पनाचित्र दाखवते आणि जमिनीवर मात्र अनेक शतके एकमेकांना खेटून उभी असतात. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य सार्वजनिक चौकात, आज दिसणारे कॅस्टर या देवाच्या मंदिराचे खांब इ. स. ६ मध्ये अर्पण केलेल्या इमारतीचे आहेत, विटांची क्युरिया (सेनेटचे सभागृह) इ. स. २८३ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली आहे, तर सम्राट फोकासचा स्तंभ ६०८ मध्ये उभारलेला आहे.

रोम शहरासाठी मी अमांडा क्लॅरिज यांचे ऑक्सफर्डचे पुरातत्त्वीय मार्गदर्शक वापरते. त्याची पहिली आवृत्ती १९९८ ची आणि सुधारित दुसरी २०१० ची आहे. घ्यायची असेल तर दुसरीच घ्यावी. इतर कोणतेही पुस्तक विकत घेण्यापूर्वी दहा मिनिटे काढून त्यातला एकच आराखडा नीट पाहावा. उत्तर दिशेचा बाण आणि मोजपट्टी आहे का, उरलेल्या भिंती भरीव काळ्या आणि तर्काने पुऱ्या केलेल्या भिंती तुटक रेषांनी दाखवल्या आहेत का, वेगवेगळ्या शतकांतली बांधकामे वेगवेगळ्या छटांत आहेत का, हे तपासावे. यांतले काहीच नसेल तर छपाई कितीही सुंदर असो, ते पुस्तक परत ठेवावे.

पॉम्पेईच्या पुस्तकाचा ताजेपणा ओळखण्याची माझी एक खूण आहे. पॉम्पेई शहर गाडून टाकणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इ. स. ७९ च्या २४ ऑगस्टला झाला, असे परंपरेने मानले जाते. पण २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला, ऑक्टोबरच्या मध्याचा दिवस सांगणारा मजकूर सापडला आणि शरद ऋतूतल्या तारखेच्या बाजूने पुरावा वाढला. या वादाचा उल्लेखही नसेल तर पुस्तक जुने आहे, असे समजावे. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा खुले झालेले पॉम्पेईतले व्हेट्टींचे घर त्यात बंद दाखवलेले असण्याचीही शक्यता असते.

आता खरी अडचण, म्हणजे कागदावरचा आराखडा जमिनीवर बसवणे. पहिल्यांदा फोरममध्ये गेले तेव्हा माझ्याजवळच्या आराखड्यावर उत्तर दिशाच नव्हती. पुस्तकात ‘कॅस्टर मंदिराचे तीन खांब’ असे वाचले होते, समोर तीन खांब दिसले आणि मी तिथून मोजणी सुरू केली. ते खांब सम्राट व्हेस्पासियनच्या मंदिराचे होते. तासभर मी प्रत्येक वास्तूला चुकीचे नाव देत फिरले आणि व्हेस्टा देवीचे गोल मंदिर का सापडत नाही, म्हणून पुस्तकालाच दोष देत राहिले. ही चूक अगदी सहज होते, कारण दोन्ही मंदिरांचे तीन-तीनच खांब उभे आहेत आणि दोन्हीकडे कॉरिंथियन शैलीचीच (पानांच्या नक्षीची) शीर्षे आहेत. फरक असा की कॅस्टरचे खांब एका सरळ ओळीत आहेत, तर व्हेस्पासियनचे खांब मंदिराच्या कोपऱ्याचे असल्यामुळे काटकोनात उभे आहेत. शिवाय व्हेस्पासियनच्या खांबांवरील तुळईवर ‘एस्तितुएर’ एवढी अक्षरे शिल्लक आहेत. जीर्णोद्धार केल्याचे सांगणाऱ्या ‘रेस्तितुएरुंत’ या लॅटिन शब्दाचा तो उरलेला तुकडा आहे. मान वर करून ही अक्षरे एकदा वाचली की पुन्हा घोटाळा होत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की फोरमचे तिकीट काढून आत शिरण्याआधी कॅपिटोलिन टेकडीवर जावे. तिथल्या सेनेटोरियो वाड्याच्या बाजूच्या कठड्यावरून सगळा फोरम खाली पसरलेला दिसतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पुस्तकातले आराखडे बहुधा उत्तर वर ठेवून काढलेले असतात, पण इथे आपले तोंड आग्नेयेला असते. तेव्हा आग्नेय दिशा वर येईल असे पुस्तक हातात फिरवून घ्यावे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात, इ. स. २०३ ते २११ च्या दरम्यान, संगमरवरात कोरलेला रोमचा प्रचंड नकाशाही आग्नेय वर ठेवूनच भिंतीवर बसवला होता. त्याचे उरलेले तुकडे जानेवारी २०२४ पासून सेलियन टेकडीवरच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. कठड्यावरून आधी डावीकडची सेव्हेरसची कमान आणि उजवीकडचे सॅटर्न मंदिराचे आठ खांब आराखड्यात शोधावेत, व्हेस्पासियनचे खांब अगदी पायथ्याशी असल्याची खात्री करावी आणि मग बसिलिका युलिया या लांबलचक सार्वजनिक सभागृहाच्या पलीकडच्या टोकाला कॅस्टरचे खांब ओळखावेत. हे चार बिंदू पक्के झाल्याशिवाय खाली उतरू नये.

खाली गेल्यावर आराखडा न सांगणारी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे जमिनीची पातळी. सम्राट अँटोनायनस आणि त्याची पत्नी फॉस्टिना यांच्या मंदिरात नंतर चर्च झाले; त्या चर्चचा दरवाजा आज आपल्या डोक्याच्या कितीतरी वर, अधांतरी दिसतो, कारण तो बसवला तेव्हा जमीनच तिथपर्यंत भरून आलेली होती. चांगले पुस्तक हे सांगते. नकाशावर मात्र तो दरवाजा आणि प्राचीन पायऱ्या एकाच प्रतलावर असल्यासारखे वाटतात.

पॉम्पेईत त्या मानाने सोपे आहे. पुरातत्त्वज्ञ ज्युझेप्पे फिओरेल्ली यांनी १८५८ मध्ये शहराचे नऊ विभाग पाडले, चारी बाजूंनी रस्ते असलेल्या घरांच्या प्रत्येक ठोकळ्याला क्रमांक दिला आणि प्रत्येक दारालाही दिला. त्यामुळे ‘फॉनचे घर’ या प्रसिद्ध घराचा पत्ता ६.१२.२ (विभाग, ठोकळा, दार) असा होतो. विभागाचा आकडा पाट्यांवर रोमन अंकांत असतो. ज्या पुस्तकात घरांची नुसती नावे आहेत आणि हे क्रमांक नाहीत, ते पॉम्पेईला नेऊ नये, कारण एकाच घराला तीन पुस्तकांत तीन नावे असू शकतात. ‘पॉम्पेई इन पिक्चर्स’ या संकेतस्थळावर छायाचित्रे याच क्रमांकांनी लावलेली आहेत. जाण्यापूर्वी निवडक घरे तिथे पाहून ठेवावीत. मूळ वस्तू जागेवर आहे की संग्रहालयात, हेही पुस्तकात तपासावे. फॉनच्या घरातल्या फरशीवर अलेक्झांडरच्या चित्रफरशीची प्रतिकृती आहे आणि मूळ कृती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाकडे आहे.

दूरच्या प्रांतांतली स्थळे शोधायची असतील तर २००० साली निघालेला बॅरिंग्टन ॲटलास, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन जगाचा नकाशासंग्रह, ग्रंथालयात पाहावा. तो बरोबर नेण्याजोगा नाही, आणि त्याचे बहुतेक नकाशे पाच किंवा दहा लाखांस एक या प्रमाणाचे असल्यामुळे एखाद्या स्थळाच्या आत फिरताना त्यांचा उपयोगही नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी लागणाऱ्या आराखड्यांच्या मोठ्या आकाराच्या छायाप्रती काढाव्यात, उत्तरेचा बाण लाल पेन्सिलीने ठळक करावा आणि पुस्तक पिशवीत ठेवून हातात फक्त त्या प्रती घ्याव्यात.