विश्वशासन की राष्ट्राचे सार्वभौमत्व : या विषयावर अभ्यासमंडळ कसे चालवावे

‘विश्वसरकार हवे की नको’ या प्रश्नाने बैठक सुरू करू नये. नाशिकमधील आमच्या अभ्यासमंडळाने पहिल्या रविवारी नेमके तेच केले आणि दहा मिनिटांत खोलीत दोन तट पडले. दोन्हीकडून जोरदार भाषणे झाली, पण कोणाचेही मत तसूभर हलले नाही. पुढच्या वेळी आम्ही फळ्यावर वेगळा प्रश्न लिहिला : युद्ध टळावे म्हणून कोणता अधिकार राष्ट्राच्या वरच्या पातळीवर सोपवावा, आणि तो वापरणाऱ्याला जाब कोण विचारणार? असा प्रश्न असला की प्रत्येकाला नुसती बाजू घेऊन चालत नाही, तपशिलात उतरावे लागते.

सुरुवातीला एखाद्या सदस्याला त्याचा पासपोर्ट आणायला सांगावे. भारताचा पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो, त्यामुळे ही वस्तू इथल्या माणसाला परकी वाटत नाही. नाव, जन्मतारीख आणि क्रमांक कागदाने झाकावेत व छायाचित्र कोणालाही काढू देऊ नये. मग राष्ट्रपतींच्या नावाने केलेला मजकूर मोठ्याने वाचावा : धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे आणि त्याला लागेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे, असे त्यात सर्व संबंधितांना सांगितले आहे. सार्वभौम राष्ट्रालाही आपल्या सीमेपलीकडे विनंतीच करावी लागते, हे इथे सदस्यांच्या आपोआप लक्षात येते. त्यानंतर माहितीच्या पानाच्या तळाशी असलेल्या, प्रत्येकी ४४ चिन्हांच्या दोन ओळी दाखवाव्यात. त्यांची रचना दिल्लीने एकटीने ठरवलेली नाही. १९४४च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार ती जगभर सारखी असते. सार्वभौमत्वाचे चिन्ह असलेल्या दस्तऐवजातच जगाचा नियम छापलेला आहे, आणि तो आपण आपणहून स्वीकारला आहे. या ठिकाणी बैठक चालवणाऱ्याने गप्प बसावे व इतरांना बोलू द्यावे.

दुसऱ्या टप्प्यात संयुक्त राष्ट्रांच्या १९४५च्या सनदेतील मोजकी कलमे वाचावीत. संपूर्ण सनद वाचायला घेतली तर लोक कंटाळतात. दुसऱ्या कलमातच सारा पेच आहे : सर्व सदस्यराष्ट्रांची सार्वभौम समानता, बळाच्या वापराला मनाई, आणि देशांतर्गत बाबींत हस्तक्षेप न करण्याचे बंधन, ज्याला सनदेच्या सातव्या प्रकरणाखालील, म्हणजे शांतता धोक्यात आल्यावर सुरक्षा परिषदेने करायच्या, सक्तीच्या कारवाईचा अपवाद आहे. यानंतर लगेच २७वे कलम घ्यावे, कारण सुरक्षा परिषदेच्या पाच स्थायी सदस्यांचा नकाराधिकार त्यातून येतो आणि ‘समानता’ या शब्दाचा अर्थ तिथे तपासता येतो. ४३वे कलम मात्र बहुतेक चर्चांत सुटते, ते सोडू नये. सदस्यराष्ट्रांनी करार करून सुरक्षा परिषदेला सैन्य उपलब्ध करून द्यावे असे ते सांगते. असा एकही करार आजवर झालेला नाही. संयुक्त राष्ट्रे दुबळी का, या तक्रारीचे बरेचसे उत्तर इथे आहे, असे माझे मत आहे.

सार्वभौमत्व आणि विश्वसंघ, म्हणजे राष्ट्रांनी मिळून उभारलेला जगाचा संघ, परस्परविरोधीच असले पाहिजेत, असे कोणी ठामपणे म्हटले, तर ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकवर मंजूर झालेला ‘भारत छोडो’चा ठराव समोर ठेवावा. ब्रिटिश सत्तेच्या अंताची मागणी करणाऱ्या त्याच ठरावात जगाच्या शांततेसाठी स्वतंत्र राष्ट्रांचा विश्वसंघ आवश्यक असल्याचे म्हटले आहे.

वरच्या सत्तेचा निवाडा मानणे म्हणजे काय, हे नाशिककरांना समजावण्यासाठी गोदावरीइतके जवळचे उदाहरण नाही. पाच राज्यांमधील गोदावरीच्या पाण्याचा वाद लवादाने १९८०मध्ये निकाली काढला. आज मराठवाड्यातील जायकवाडी धरणात पुरेसा साठा नसेल, तर महाराष्ट्राच्या २००५च्या कायद्यातील समन्यायी पाणीवाटपाच्या तत्त्वाने नाशिककडील गंगापूर व दारणा धरणसमूहांतून पाणी सोडण्याची वेळ येते. तेव्हा इथे आंदोलने होतात, न्यायालयात याचिका जातात, पण नाशिक मराठवाड्यावर सैन्य पाठवत नाही. विश्वसंघाचे समर्थक हेच राष्ट्रांच्या बाबतीत मागतात. यावर आमच्याकडील एका द्राक्ष बागायतदाराचा आक्षेप मला अजून महत्त्वाचा वाटतो. युरोपने ठरवलेल्या, फळावर राहणाऱ्या फवारणीच्या औषधांच्या अवशेषांच्या मर्यादा पाळूनच माल पाठवावा लागतो, पण त्या ठरवताना आम्हाला मत नसते, असे ते म्हणाले. जाब विचारता न येणारी दूरची सत्ता, ही भीती जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही १७९५मध्ये व्यक्त केली होती, आणि म्हणूनच त्याने एका विश्वराज्याऐवजी स्वतंत्र राष्ट्रांच्या संघाचा आग्रह धरला.

या भीतीसमोर पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून मृत्युदंड सुनावलेल्या भारतीय नागरिकाचा, कुलभूषण जाधव यांचा खटला ठेवावा. २०१९मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने, परदेशात अटकेतील नागरिकाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क देणाऱ्या व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचा निर्णय दिला, पण सुटकेची भारताची मागणी मान्य केली नाही. आपल्या नागरिकासाठी आपण तिथे गेलो, तेव्हा अपुरा निकालही स्वीकारावा लागला.

शेवटची वीस मिनिटे लेखनासाठी राखावीत. प्रत्येकाने कागदावर वरच्या पातळीला सोपवायचा एकच अधिकार, तो कोणाकडे द्यायचा आणि परत कसा घ्यायचा, एवढे तीन रकान्यांत लिहावे. ब्रिटनला ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडता आले, कारण तशी तरतूद करारातच होती. म्हणून तिसरा रकाना रिकामा ठेवू देऊ नये. कागद नावाशिवाय गोळा करून पुढच्या बैठकीत, प्रत्येकाला दुसऱ्याचा कागद मिळेल अशा रीतीने, वाचायला द्यावेत.